हेडलॅम्पच्या उजेडात वाचता येतं का? डोंगरखेळांसाठी डिझाइन स्टुडिओ कसा चालवावा

मुळशीकडच्या एका ट्रेल रनसाठी (म्हणजे डोंगरवाटेवरच्या धावण्याच्या शर्यतीसाठी) आम्ही पहिल्यांदा दिशादर्शक पाट्या केल्या, तेव्हा त्या फार देखण्या झाल्या होत्या. गडद राखाडी रंग, त्यावर बारीक पांढरी अक्षरं, वर चकचकीत लॅमिनेशन. स्टुडिओच्या भिंतीला टेकवून आम्ही तिघांनी त्यांचे फोटोही काढले. शर्यत पहाटे पाचला सुटली. पळणाऱ्याच्या कपाळावरचा हेडलॅम्प पाटीवर पडला की लॅमिनेशन आरशासारखं चमकायचं आणि अक्षरांच्या जागी नुसता पांढरा गोळा दिसायचा. तीस-चाळीस जण फाट्यावर डावीकडे वळायचं सोडून सरळ खालच्या वाडीत उतरले. मी धापा टाकत फाट्यावर पोचलो, तर गोठ्याशी उभी असलेली एक आजी म्हणाली, ‘तुमची मान्सं तिकडं खाली गेली बगा. मी आवाज दिला, पन थांबतंय कोन!’

त्यानंतर स्टुडिओत एक नियम झाला. कुठलीही वस्तू छापायला टाकण्याआधी ती जिथे आणि जशी वापरली जाणार, तिथे आणि तशी एकदा बघायची. पाटी अंधारात, बिब (पळणाऱ्याच्या छातीवरचा नंबर) पाण्यात, टी-शर्ट सॅकखाली. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या एका नियमातूनच आलंय. ज्यांना ग्राफिक डिझाइन येतं, डोंगराची ओढ आहे आणि दोन्ही जोडून पोट भरेल का असा प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भरतं. पण पोस्टरवर भरत नाही, हे आधीच सांगतो. पोस्टर आता कुणीही मोबाइलवर करतं.

पायरी १ : गिऱ्हाईक कोण, हे आधी बघा

‘आउटडोअर क्लायंट’ असं म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. तसं नाही.

पहिली जात क्लबांची. महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. पुण्याच्या गिरिप्रेमीने २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजुंगा मोहीम यशस्वी केली. मुलुंडला दरवर्षी गिरिमित्र संमेलन भरतं. नव्या माणसाने तिथे एकदा मागच्या रांगेत नुसतं ऐकायला बसावं, दोन दिवसांत या जगाची भाषा कळते. क्लबाकडे पैसा बेताचा असतो, नाव मात्र मोठं असतं आणि निर्णय समिती घेते. लोगोचा एक पर्याय आठवड्याच्या बैठकीत जातो आणि सात जणांच्या सात सूचना घेऊन परत येतो. त्यात एक मेंबर हमखास असा असतो, ज्याला ‘थोडंफार कोरल ड्रॉ येतं’. त्याच्याशी भांडू नका, त्यालाच संपर्क नेमायला सांगा. मग बाकीच्या सहांना तोच आवरतो.

दुसरी जात ट्रेक नेणाऱ्या व्यावसायिकांची. यांना दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर टाकायला काहीतरी हवं असतं, आजच हवं असतं आणि त्याचे पैसे फार द्यायचे नसतात. त्यांना सुट्टी पोस्टरं विकू नका. वर्षभर चालेल असा साचा करून द्या, ज्यात ते स्वतः तारीख, फोटो आणि भाडं बदलतील. एकदाच चांगले पैसे घ्या आणि मोकळे व्हा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. त्या नोंदणी क्रमांकाला साच्यात कायमची जागा ठेवा. क्रमांक मागितल्यावर जो गप्प होतो, त्याचं काम घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही घेत नाही.

तिसरी जात शर्यती भरवणाऱ्यांची, आणि स्टुडिओ चालतो तो मुख्यतः यांच्यावर. मॅरेथॉन, ट्रेल रन, सायकल राइड, ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ). साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटाने वर जाणारी हिल मॅरेथॉन किंवा गोव्यात २०१९ पासून होणारी आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉन ही मोठी नावं झाली. तशी लहान लहान शेकड्यांनी आहेत. एका शर्यतीला बिब, टी-शर्ट, मेडल, पाट्या, कमान, नकाशा, प्रमाणपत्र असं सगळं लागतं, आणि त्यातली प्रत्येक वस्तू तारखेला हजर असावी लागते.

शिवाय कामशेतचे पॅराग्लायडिंगवाले, कोलाडचे राफ्टिंगवाले, तारकर्लीचे स्कूबावाले, सॅक-तंबू शिवणारे छोटे उत्पादक आणि हिमालयातल्या मोहिमांसाठी प्रायोजक शोधणारे गट. सुरुवातीला यातले दोनच प्रकार धरा.

पायरी २ : कॅलेंडर भिंतीवर लावा

या धंद्याला हंगाम आहे, शेतीसारखा. जून ते सप्टेंबर पावसाळी ट्रेक. ऑगस्टअखेरीपासून कास पठाराची फुलं. ऑक्टोबरपासून पॅराग्लायडिंग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रस्तरारोहण आणि शर्यती. एप्रिल-मे मुलांची शिबिरं आणि हिमालय.

डिझाइनचं काम यांच्या दोन-अडीच महिने आधी येतं. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या शर्यतींसाठी तुम्ही गणपतीत आणि नवरात्रात जागता, आणि मार्च-एप्रिलमध्ये स्टुडिओत माश्या मारता. पहिल्या वर्षी मी मार्चमध्ये घाबरून दोन लग्नपत्रिकांची कामं घेतली होती. आता तो महिना पुढच्या हंगामाचे साचे, नवे नमुने आणि थकलेली वसुली यांसाठी मोकळा ठेवतो. जानेवारीत आलेल्या पैशातून मे महिन्याचं भाडं बाजूला काढायची सवय लावा.

पायरी ३ : कागदपत्रं

इथे फार रेंगाळायची गरज नाही. दोन-चारच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम ही केंद्र सरकारची छोट्या उद्योगांसाठीची नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. धंद्याच्या नावाने चालू खातं काढा. सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आलीच. डिझाइनच्या सेवेवर १८ टक्के लागतो.

एक खाचखळगा सांगतो. टी-शर्ट आणि मेडलचं बिलही आपल्याच नावाने फाडलं की ते सगळं तुमच्या उलाढालीत मोजलं जातं. डिझाइनचे मिळाले पन्नास हजार आणि उलाढाल झाली सहा लाख, असं होतं. सुरुवातीला छपाईवाल्याचं बिल थेट आयोजकाच्या नावाने करायला सांगा. तुम्ही फक्त देखरेखीचे पैसे लावा.

पायरी ४ : काम समजून घ्या, शक्यतो चालून

पहिल्या भेटीत रंग कुठला आवडतो हे विचारू नका. विचारायचं ते असं : किती जण येणार? किती वाजता सुटणार, तेव्हा उजेड असेल का? पाऊस लागू शकतो का? वाटेवर फाटे किती? पाट्या कोण लावणार आणि कशाला बांधणार? प्रायोजक नक्की झालेत की व्हायचेत? अंतिम होकार देणारी एक व्यक्ती कोण?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महागडा. त्याचं उत्तर ‘आम्ही सगळे मिळून’ असं आलं, तर कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या जास्त धरा.

मग मार्ग स्वतः चाला. निदान फाटे तरी. फाट्यावर उभं राहून चारी दिशांना मोबाइलने फोटो काढा, कारण सप्टेंबरात पाहिलेली वाट डिसेंबरात ओळखू येत नाही. गवत कंबरेएवढं असतं तिथे नंतर नुसता उघडा माळ असतो. आणि वाडीतल्या कुणाला तरी विचारा, की इथे नवखा माणूस चुकतो तो कुठे. गुराख्याला हे आयोजकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पायरी ५ : वस्तू, एकेक करून

बिबपासून सुरू करतो. साधा कागद घामाने तासाभरात गळतो, म्हणून टायव्हेकसारखं न फाटणारं साहित्य वापरतात. पण साहित्य टिकतं म्हणून शाई टिकेलच असं नाही. आमची चाचणी घरगुती आहे. नमुना रात्रभर बादलीत भिजत ठेवायचा, सकाळी चोळामोळा करून साबणाच्या हाताने घासायचा. नंबर वाचता आला तर पास. मागच्या बाजूला नाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहायची जागा असते. तिथे बॉलपेन चालतं का, तेही लिहून बघा. गुळगुळीत पृष्ठभागावर जेल पेनची शाई फिसकटते आणि नेमका फोन नंबरच जातो.

धावण्याची वेळ नोंदवणारी टायमिंग चिप बहुधा बिबच्या मागेच चिकटवलेली असते. बिब घडी घालू नका, छातीवर पुढेच लावा, चारही कोपऱ्यांना पिना लावा, हे बिबवरच छापा. वेगळी सूचनापत्रिका कुणी वाचत नाही. आणि प्रायोजकांच्या लोगोंनी नंबराची जागा खाल्ली तर तिथे मात्र वाद घाला. फोटोग्राफर आणि रुग्णवाहिकेतला डॉक्टर, दोघंही लांबून आधी नंबरच शोधतात.

टी-शर्टाचं गणित वेगळं. सब्लिमेशन छपाई (कागदावर छापलेला रंग उष्णतेने कापडात उतरवायची रीत) फक्त पॉलिस्टरवर नीट उठते आणि तीही पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर, कारण त्या शाईत पांढरा रंगच नसतो. सुती कापडावर ती धुऊन जाते. कागदावर छापलेले रंग मळकट दिसतात, गरम दाबाखाली कापडात उतरल्यावर खुलतात, त्यामुळे स्क्रीनवरच्या रंगाला हो म्हणून घेण्यात अर्थ नाही. हातभर तुकडा छापून घ्या, धुवा, उन्हात वाळवा, मग होकार द्या. पुढचा भाग, पाठ आणि दोन बाह्या वेगवेगळ्या छापून मग शिवतात. छातीवरून बाहीवर जाणारा पट्टा मीडियम मापात जुळला तरी एक्सएलमध्ये दोन बोटं सरकतो. असा पट्टा काढूच नका.

ट्रेकच्या टी-शर्टात नवखे जी चूक करतात, ती मीही केली. पाठीवर भलंमोठं चित्र. किल्ला, मावळता सूर्य, संस्थेचं नाव. आणि ट्रेकभर त्यावर सॅक! पट्ट्यांखाली छातीच्या दोन्ही बाजू जातात, मध्ये छातीचा पट्टा येतो. उरतात त्या बाह्या आणि गळ्याखालची वीतभर जागा. नाव तिथे घाला. फिकट राखाडी कापड घेऊ नका, त्यावर घामाचे डाग नकाशासारखे दिसतात आणि मग त्या फोटोत कुणालाच स्वतःला टॅग करायचं नसतं.

मेडल सगळ्यात आधी कारखान्यात जायला हवं, कारण आधी साचा बनतो आणि मग ओतकाम. फार बारीक रेघा ओतकामात बुजतात. किल्ल्याच्या तटाची प्रत्येक चिरा दाखवायचा मोह आवरा. साचा झाल्यावर शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती हजार मेडलांवर गेलेली असते, म्हणून मजकूर शर्यतीशी संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. आयोजकाला एक सल्ला द्या, तो खूश होतो : साल मेडलवर न घालता फितीवर छापा. उरलेली मेडलं पुढच्या वर्षी नव्या फितीसह चालतात.

आता पाट्या, जिथे माझं नाक कापलं गेलं होतं. मॅट लॅमिनेशन. ठळक अक्षरं. एका पाटीवर एकच गोष्ट : बाण आणि अंतर. रात्रीच्या टप्प्यासाठी परावर्तक पट्टी, पण ती कडेला, अक्षरांमागे नको. फाट्यावर बाण लावला तरी भागत नाही, वळल्यावर पन्नास-शंभर पावलांवर ‘बरोबर चाललात’ अशी खूण हवी. चुकीच्या वाटेवर मोठी फुली हवी. ती वाडीकडची फुली आम्ही लावलीच नव्हती. मोठा फ्लेक्स खिंडीत लावायचा असेल तर त्याला वाऱ्यासाठी कापे द्या, नाहीतर तो शिडासारखा फुगतो आणि बांबूसकट जातो.

वाट दाखवायला फांद्यांना फिती बांधतात. त्यांचा रंग हा खरा प्रश्न आहे. हिरवा अर्थातच बाद. भगवा लांबून छान दिसतो, पण आपल्याकडे गडावर, देवळावर, झाडावर आधीच भगवे झेंडे आणि कापडं असतात. पळणारा त्यांच्या मागे जातो. शिवाय शर्यतीनंतर त्या फिती काढताना गावात कुणाचा गैरसमज व्हावा हे आपल्याला परवडत नाही. लाल रंग कोकणातल्या जांभ्यावर हरवतो आणि काहींना लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही. आमचं उत्तर भडक गुलाबी. सह्याद्रीत त्या छटेचं दुसरं काही सहसा सापडत नाही. फिती बकरीच्या तोंडाला लागणार नाहीत इतक्या वर बांधा. हा विनोद नाही. एका सकाळी आमचा पाऊण किलोमीटर बकऱ्यांनी खाल्ला होता.

किल्ल्यावर दगडाला रंग, खिळा, चिकटपट्टी काही लावायचं नाही. संरक्षित स्मारकाचं विद्रूपीकरण हा गुन्हा आहे. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात राजगड, लोहगड, साल्हेर, प्रतापगड हे आपल्या नेहमीच्या पायवाटांवरचे गड आहेत. तिथे पाटी म्हणजे हातात फलक धरलेला स्वयंसेवक. त्याचा खर्च कोटेशनमध्ये आधीच दाखवा.

पाणी आणि हवेतल्या खेळांबद्दल थोडक्यात. स्कूबावाल्यांना लाल लोगो देऊ नका. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो आणि काही मीटर खाली तो काळपट तपकिरी दिसतो. पिवळा आणि पांढरा चालतो. राफ्टिंगच्या जॅकेटावर लोगो हवा असेल तर जिथे बक्कल आणि पट्टे आहेत ती जागा सोडा. पॅराग्लायडरच्या कापडावर आपल्या मनाने काहीही छापायचं किंवा चिकटवायचं नाही, ते काम उत्पादकाच्या सल्ल्यानेच. हेल्मेट, हार्नेस, दोर यांचंही तेच : स्टिकरच्या गोंदातलं किंवा मार्करच्या शाईतलं रसायन साहित्याला इजा करू शकतं. ‘आमच्या सगळ्या हेल्मेटवर लोगो लावून दे’ असं क्लायंट म्हणाला, तर उत्पादकाचं माहितीपत्रक त्याच्यापुढे ठेवा.

आणि शिखरावरचा झेंडा. मोहिमेचे प्रायोजक त्या एका फोटोसाठी पैसे देतात. झेंडा हलक्या पॉलिस्टरचा, दोन बाय तीन फुटांच्या आसपास, आणि चारही कोपऱ्यांना जाड हातमोज्यातली बोटं जातील एवढे नाड्यांचे फास. मी हे स्टुडिओत ओव्हनचे हातमोजे घालून तपासतो. लोक हसतात. पण वर वाऱ्यात घडी उघडली नाही तर कुणी हसत नाही. प्रायोजकांचे लोगो पाचच्या वर गेले तर दोन झेंडे करा.

पायरी ६ : मराठी अक्षरांकडे लक्ष

एकदा आमच्याकडून ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ अशी ओळ गेली आणि फ्लेक्सवर ‘सह्याद्रीच्या दर्या’ छापून आली. ऱ्या चा र्या झाला आणि दरीचा समुद्र झाला! चूक छापखान्याची नव्हती. आम्ही अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँटशिवाय दिसणाऱ्या नुसत्या आकारांत, रूपांतर न करता फाइल दिली आणि त्यांच्या मशीनवर तो फाँट नव्हता.

म्हणून : छापायला देताना मजकूर कर्व्हमध्ये करा, आणि आपल्या प्रतीत मूळ मजकूर राखून ठेवा. फ्लेक्सवाले बहुतेक कोरल ड्रॉवर काम करतात. तिथे उघडेल अशी पीडीएफ द्या, त्यांच्याच मशीनवर उघडून बघा. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची सोय चालू केली नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी उजवीकडे जाऊन बसते. फाँट निवडताना ‘ऱ्या’, ‘क्ष’, ‘ळ’, ‘र्ष्य’ हे टाइप करून बघा. ल आणि श यांची मराठी वळणं आहेत की हिंदी, तेही बघा. वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फाँट मोफत आहेत, खुल्या परवान्याचे आहेत आणि लांबून वाचायला चांगले आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने आवळू नका, वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात.

बिबवरचे आकडे मात्र इंग्रजी वळणाचे ठेवा. भाषेचा अभिमान पाटीवर दाखवा. फोटोतले नंबर ओळखणारं सॉफ्टवेअर आणि परराज्यातला पळणारा, दोघांनाही तेच सोपं पडतं.

पायरी ७ : नकाशा, फोटो आणि परवानग्या

मार्ग जीपीएसवर नोंदवून घ्या आणि त्यावरून नकाशा काढा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची माहिती वापरायला मोकळी आहे, पण श्रेय छापावं लागतं. गूगलच्या नकाशाचा स्क्रीनशॉट काढून टी-शर्टवर छापणं बरोबर नाही. भारताचा नकाशा काढायचा असेल तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाप्रमाणेच हव्यात, चुकीच्या सीमा छापणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. इंटरनेटवरची आयती बाह्यरेषा उचलू नका.

चढ-उताराचा आलेख काढताना उभं माप ताणलं की टेकडीही कळसूबाई वाटते. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. तुमची शर्यत चारशे मीटर चढते. थोडं ताणावंच लागतं, नाहीतर आलेख सपाट दिसतो, पण अक्षावर आकडे स्पष्ट घाला, म्हणजे पळणारा पाणी आणि दम त्या हिशोबाने राखेल.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही, म्हणून तो कुठेही उडवता येतो असं मात्र नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा भाग बघा. सिंहगडाजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, हे लक्षात असू द्या. अभयारण्यात वनखातं आणि संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खातं, दोघांची परवानगी वेगवेगळी. हरिश्चंद्रगड-कळसूबाई परिसर अभयारण्यात येतो.

फोटोबद्दल एक मत, पटलं तर घ्या. कड्यावर पाय सोडून बसलेल्या माणसाचा फोटो पोस्टरवर चटकन काम करतो. आम्ही तो वापरत नाही. ते बघून पुढच्या रविवारी कुणीतरी तिथेच, तसाच बसतो. त्याऐवजी वाटेवर चालणारी माणसं, हातातली काठी, चिखलाचे बूट असे फोटो काढा. आणि पोस्टरवर अवघडपणाची श्रेणी, किती तास चालायचं, पाणी किती न्यायचं हे फोटोएवढ्याच मानाने छापा.

पायरी ८ : पैसे

दर काढायची साधी रीत. समजा तिघांचे पगार (तुमचाही धरून), भाडं, वीज, सॉफ्टवेअर मिळून महिन्याला दीड लाख खर्च आहे. तिघांचे महिन्याचे तास २२ दिवस गुणिले ८, म्हणजे एकूण ५२८. यातले निम्मेच विकले जातात, बाकीचे फोन, फिरणं आणि छापखान्यात उभं राहणं यात जातात. २६४ तासांनी दीड लाखाला भागा, तासाला साधारण ५७० रुपये आले. त्यात रिकाम्या महिन्यांसाठी चौथाई मिळवा, म्हणजे ७१०. यात नफा नाही, ही तुमची फक्त जमीन आहे. याच्या खाली गेलात तर डोंगर स्वतःच्या खिशातून चढताय.

निम्मे पैसे आधी घ्या. उरलेल्यातले बहुतेक अंतिम होकाराला, आणि शेवटचा हप्ता छपाईच्या फाइली देण्याआधी. शर्यत झाल्यानंतर येणारे पैसे हे पाहुण्यांनी ‘पुन्हा येऊ’ म्हणण्यासारखे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६ च्या कायद्याने संरक्षण आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज चढतं. क्लबावर हे अस्त्र काढायची वेळ येत नाही, पण उद्यम क्रमांक बिलावर छापलेला असला की कंपन्या जरा लवकर हलतात.

दुरुस्तीच्या फेऱ्या करारात मोजून लिहा. आम्ही तीन देतो. प्रायोजक बदलला म्हणून करावा लागणारा बदल ही दुरुस्ती नाही, ते नवं काम. हे वाक्य असंच्या असं लिहा.

लोगोचे हक्क कोणाचे, हा घोळ नेहमी होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि व्हिडिओचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, क्लायंट असतो. लोगोचं तसं नाही. स्वतंत्र स्टुडिओने केलेल्या लोगोचे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. आणि लेखी देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. मी पूर्ण पैसे आल्यावर लोगोचे हक्क कायमचे लिहून देतो, बाकीच्या कलाकृतींचे त्या वर्षापुरते. क्लायंटला ट्रेडमार्क नोंदवायचा असेल तर शर्यती आणि शिबिरांसाठी वर्ग ४१, कपड्यांसाठी २५, सहलींसाठी ३९. नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण.

‘पैसे नाहीत, पण ट्रेक फुकट’ हा प्रस्ताव येणारच. वर्षाला एक असं काम करा, मन लावून करा आणि त्याचंही बिल पाठवा : पूर्ण रक्कम, शंभर टक्के सवलत, देय शून्य. खजिनदाराच्या फायलीत तो आकडा राहिला पाहिजे.

पायरी ९ : शर्यतीच्या दिवशी जा

डिझायनरचं तिथे काम काय, असं वाटेल. पहाटे तीनला बिबवाटपाच्या टेबलामागे उभे राहा, पाच मिनिटांत कळतं की पाकिटावरचा नंबर लहान झालाय. सोबत कोरे मॅट फलक, जाड मार्कर, केबल टाय, कात्री, गुलाबी फितीचं रीळ आणि दोन डझन सेफ्टी पिना ठेवा. मेडल गळ्यात पडल्यावर माणूस ते उलटून मागची बाजू बघतो. बहुतेक आयोजक तिथे काहीच छापत नाहीत, मी मार्गाचा आलेख टाकायला लागलो.

संपल्यावर पाट्या आणि फिती मोजून काढा. लावल्या तेवढ्या परत आल्या पाहिजेत, यादी करा. फ्लेक्स टाकून देऊ नका, वाडीत विचारा. पावसाआधी सरपण झाकायला त्याला मागणी असते. त्या पहिल्या शर्यतीच्या पाट्या निकामीच होत्या, पण कमानीचा मोठा फ्लेक्स आजीने मागून घेतला. नंतरच्या पावसाळ्यात मार्ग बघायला गेलो, तर तो तिच्या गोठ्यावर ताणून बसवला होता, अक्षरं वर करून. ‘समाप्ती ४०० मीटर’. खाली दोन म्हशी रवंथ करत होत्या आणि गोठा कोरडा होता.